रेडिओचा संच आणि आकाशाची मालकी

गेल्या उन्हाळ्यात कवठे महांकाळच्या घरातील जुनी ट्रंक आवरताना आजोबांच्या कागदपत्रांत एक जीर्ण पुस्तिका हाती लागली. आत पोस्टाचे शिक्के, आणि शिक्क्यांखाली सालवार नोंदी. ती रेडिओच्या परवान्याची पुस्तिका होती. घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे, हे आज कोणाला सांगूनही खरे वाटत नाही. मी ती पुस्तिका कुतूहलाने वर्गात नेली. एका विद्यार्थ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "सर, म्हणजे तेव्हाही रिचार्ज होता?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण प्रश्न मनातून जाईना. परवाना आणि रिचार्ज या दोन गोष्टी एकच आहेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका विस्मृतीत गेलेल्या प्रकरणापाशी येऊन थांबावे लागते. ते प्रकरण म्हणजे भारतातील उपग्रह रेडिओ. २००० नंतरच्या दशकात तो आला, त्याचे संच कोणते घ्यावेत यावर सुशिक्षित घरांत चर्चा झाल्या, आणि ३१ डिसेंबर २००९ नंतर तो मुका झाला. आता त्याचे नावही फारसे कोणी काढत नाही. परंतु आपल्याकडे श्रोत्याचे आणि आकाशाचे नाते कसे बदलत गेले हे समजून घ्यायचे तर त्या दहा वर्षांकडे पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही, असे मला वाटते.

प्रथम जुन्या संचांविषयी. रेडिओ विकत घेताना आपल्या आजोबांच्या पिढीपुढे खरा प्रश्न असे तो 'बँड' किती, हा. मध्यम लहरींचा एकच पट्टा असलेला संच स्वस्त. लघुलहरींसह दोन-तीन पट्ट्यांचा संच महाग. मर्फी (ज्यांचा कारखाना ठाण्यात होता), बुश, फिलिप्स, नेल्को ही नावे प्रतिष्ठेची होती. मात्र नावापेक्षा पट्ट्यांचा प्रश्न मोठा, कारण कोणता पट्टा घ्यायचा म्हणजे कोणाचे ऐकायचे, हेच त्यातून ठरत असे.

याला एक इतिहास आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मराठी गृहस्थ आहेत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. स्वतः शास्त्रोक्त संगीताचे जाणकार. आकाशवाणीने श्रोत्यांची अभिरुची घडवावी या निष्ठेने त्यांनी शास्त्रीय संगीताला मानाचे स्थान दिले. संगीताचा 'अखिल भारतीय कार्यक्रम' १९५२ सालचाच. दुसऱ्या बाजूने चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि देशभरचे श्रोते कोलंबोकडे वळले. सिलोनचे प्रक्षेपक दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेल्या केंद्राचा वारसा होते; त्यांच्या लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावर आदळून हजारो किलोमीटर दूर उतरत. ज्याच्या संचाला लघुलहरींचा पट्टा होता त्याला सिलोन मिळे. नसेल त्याने शेजाऱ्याकडे जावे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून आकाशवाणीने माघार घेतली.

केसकरांची आज चेष्टा होते आणि ती काही अंशी योग्यही आहे. परंतु मला या घटनेत दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. दिल्लीने दार लावले तेव्हा श्रोत्याला कोलंबोचे दार उघडता आले, कारण संच त्याचा होता आणि संचाला कुलूप नव्हते. परवान्याचे पैसे सरकारने घेतले खरे. पण त्या परवान्याने काटा कोठे फिरवावा हे कधी ठरवले नाही. शिक्का पुस्तिकेवर बसे, संचावर नव्हे. १९८०च्या दशकात हे परवाने रद्द झाले, तेव्हा संचात काहीच बदलावे लागले नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

आता आमच्या भागाकडे वळू. कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडील दुष्काळी टापू. मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याने निघाले की दंडोबाचा डोंगर लागतो, आणि डोंगर ओलांडला की हिरवाई मागे राहते, असे जुने लोक सांगत. (म्हैसाळ योजनेचे पाणी आणि द्राक्षबागा यांनी हे चित्र आता पुष्कळ पालटले आहे.) पाण्याप्रमाणेच आवाजही येथे उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचत आला. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५५च्या एप्रिलपासून वर्षभर तेथून 'गीतरामायण' प्रसारित झाले. संच असलेल्या घरी माणसे जमत आणि संचाला हार घालून, उदबत्ती लावून ऐकत, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्या गीतांचे कवी ग. दि. माडगूळकर हे आमच्याच शेजारच्या आटपाडी तालुक्यातले, शेटफळ्याचे. आणि गंमत अशी, की शेजारच्या तालुक्यातल्या कवीचे शब्द पुण्याहून ऐकायचे तर संचाची ताकद, घरावरच्या एरियलची उंची आणि हवामान या तिन्हींची मर्जी सांभाळावी लागे. १९६३ साली सांगलीत आकाशवाणीचे केंद्र आले तेव्हा कोठे साधा एका पट्ट्याचा ट्रान्झिस्टरही आमच्या माळावर नीट बोलू लागला.

पुणे केंद्राच्या पुढाकाराने १९५६ साली महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांतील १५० गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे स्थापून एक प्रयोग झाला होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे, असे त्याचे स्वरूप. युनेस्कोने त्याची दखल घेतली. त्यानंतर वीस वर्षांनी उपग्रहाचा पहिला मोठा प्रयोग झाला तो दूरचित्रवाणीचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकी उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होता आणि कर्नाटकातला विजापूर जिल्हा होता. म्हणजे जत तालुक्याची शीव ओलांडली की पलीकडच्या कोण्या गावात आकाशातून चित्र उतरत होते, आणि अलीकडे नाही. राज्यांच्या सीमा जमिनीवर आखलेल्या असतात, पण आभाळातून काय कोठे पडावे हेही त्याच ठरवतात, याचे हे उत्तम उदाहरण.

या पार्श्वभूमीवर उपग्रह रेडिओची कल्पना किती मोहक होती ते लक्षात येईल. इथिओपियात जन्मलेल्या नोआ समारा या कायदेतज्ज्ञाने १९९० साली अमेरिकेत 'वर्ल्डस्पेस' ही कंपनी काढली. रेडिओचे मनोरे जेथे पोहोचत नाहीत त्या आफ्रिका-आशियातील लोकांना थेट उपग्रहावरून ध्वनी पुरवावा, विशेषतः आरोग्य आणि शिक्षणविषयक माहिती, हा मूळ संकल्प. 'आफ्रिस्टार' हा पहिला उपग्रह ऑक्टोबर १९९८मध्ये आणि 'एशियास्टार' मार्च २०००मध्ये सोडला गेला. एशियास्टार १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमात्राच्या बाजूला, विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर स्थिर होता. एवढ्या उंचीवरून पाहिले तर मुंबई काय आणि कवठे महांकाळ काय, दोन्ही सारखीच. आमच्या आवाजाच्या इतिहासात ही अपूर्व गोष्ट होती. दंडोबाच्या डोंगराला, जिल्ह्याच्या ठिकाणाला, मनोऱ्याच्या उंचीला येथे अर्थच उरला नव्हता. पूर्व-आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण पन्नास अंश वर, मोकळे आभाळ दिसले की झाले.

संच कोणता घ्यावा, हा प्रश्न मग नव्या रूपात पुढे आला. पहिले संच हिताची, सान्यो, जेव्हीसी आणि पॅनासॉनिक या जपानी कंपन्यांनी काढले. ते महाग होते. पुढे बीपीएलसारखे देशी नाव आणि स्वस्त चिनी बनावटीचे संच आले. नियमित वर्गणीदारांची भरती सुरू झाल्यावर संचाची किंमत उतरत गेली, कारण कंपनीला कमाई वर्गणीतून करायची होती. ग्राहकाने पाहण्याच्या गोष्टी अशा: अँटेना संचापासून सुटी होते का आणि तिची तार किती लांब आहे, संचाला स्वतःचे ध्वनिक्षेपक आहेत की घरच्या टेपरेकॉर्डरला जोडावा लागतो, एफएम आणि मध्यम लहरी त्याच संचावर लागतात का, विजेवाचून किती वेळ चालतो. (भारनियमनाच्या त्या वर्षांत हा शेवटचा प्रश्न आमच्याकडे पहिला असे.) घर पश्चिमाभिमुख असेल आणि पूर्वेला शेजाऱ्याची भिंत असेल तर उत्तमातला उत्तम संचही कुचकामी. तळहाताएवढी चपटी अँटेना खिडकीत किंवा गच्चीवर ठेवून, संचावर दिसणारी संकेताची पातळी पाहत ती रेसभर इकडे, रेसभर तिकडे फिरवायची. आजोबांचे एरियल बांबूला बांधण्यापेक्षा हे फार वेगळे नव्हते.

मोटारीसाठी संच घ्यावा का, या प्रश्नाला मात्र भारतात धड उत्तर नव्हते. याच काळात अमेरिकेत 'एक्सएम' (२००१) आणि 'सिरियस' (२००२) या दोन सेवा सुरू झाल्या आणि त्या मोटारीच्या जोरावरच तगल्या. तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांना नव्या गाडीत हा रेडिओ बसवूनच मिळे, काही महिने फुकट आणि मग वर्गणी. पूल, बोगदे, उंच इमारती यांच्या आडोशाला उपग्रहाचा संकेत तुटतो. म्हणून या कंपन्यांनी शहराशहरांत जमिनीवरही पुनःप्रक्षेपक उभारले. सिरियसने तर आपले उपग्रह लंबवर्तुळाकार कक्षेत ठेवून ते अमेरिकेच्या डोक्यावर अधिकाधिक वेळ राहतील अशी योजना केली. भारतात असे पुनःप्रक्षेपक उभारण्यासाठी सरकारी धोरण हवे होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००५ साली शिफारशी केल्या, पण गाडीत चालणारी सेवा प्रत्यक्षात उभी राहिली नाही. कडेला चिंच-वडाच्या रांगा असलेल्या मिरज-पंढरपूर रस्त्यावर पुनःप्रक्षेपकाविना हा रेडिओ प्रत्येक झाडाखाली अडखळला असता. म्हणून आपल्याकडे तो घराचा, त्यातही निवांत घराचा रेडिओ राहिला.

तो निवांतपणा हीच त्याची खरी देणगी होती. चाळीसेक वाहिन्यांत हिंदी चित्रपटगीते होती, पाश्चात्त्य संगीत होते, 'सुरभि' नावाची मराठी वाहिनी होती, 'श्रुती'वर कर्नाटक संगीत होते. आणि 'गंधर्व' होती. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची वाहिनी, जाहिरातींवाचून. आमच्या भागात या गोष्टीचे मोल काय होते ते बाहेरच्यांना समजावे म्हणून थोडे विषयांतर करतो. मिरज येथून पस्तीस-चाळीस किलोमीटर. तेथे अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य होते, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतोत्सव होतो, सतार आणि तंबोरे घडवणारी घराणी तेथेच आहेत. त्या उत्सवाला रात्र जागवून पहाटेच्या गाडीने गावी परतणारे श्रोते आमच्या पंचक्रोशीत पूर्वीपासून आहेत: शिक्षक, टपाल कचेरीतले कारकून, एखादा द्राक्षबागाईतदार. अशा माणसाला वर्षातले बाकीचे दिवस काय ऐकायला मिळे? आकाशवाणीवरची शनिवार रात्रीची मैफल, आणि झिजलेल्या कॅसेटी. तरुणपणी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी रात्री साडेदहाला 'गंधर्व'वर सावकाश उलगडत गेलेला एक बिलंपत मला आठवतो. वेळ भरायची घाई नव्हती, निवेदकाची लगबग नव्हती. केसकरांना जे सरकारी हुकमाने साधायचे होते ते एका परदेशी कंपनीच्या उपग्रहाने, ज्याला हवे त्याच्यापुरते, साधले होते. आणि शेजारच्या खोलीत मुलांनी दुसरी वाहिनी लावली असती तरी कोणाची तक्रार नव्हती. रसिकतेचा असा समेट आकाशवाणीला पन्नास वर्षांत जमला नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

परंतु हा संच आजोबांच्या संचासारखा नव्हता. तो वर्गणीने उघडे आणि वर्गणी संपली की मिटे. संकेत सांकेतिक कुलपात बंद होता आणि किल्ली दूरवर होती. शिवाय हा संच त्या एका कंपनीच्या उपग्रहांखेरीज आकाशातले दुसरे काहीही पकडू शकत नव्हता. लघुलहरींच्या संचावर दिल्ली नको तर कोलंबो, कोलंबो नको तर लंडन. येथे मात्र पर्यायी केंद्र नावाची गोष्टच संभवत नव्हती. ए. आर. रहमान यांच्यासारखा कलावंत कंपनीच्या जाहिरातीत होता, २००५ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात तिची नोंदणी झाली होती, आणि जगभरातील तिच्या वर्गणीदारांपैकी बहुसंख्य भारतातले होते. तरीही तीन खंडांवर पसरलेला उपग्रहांचा खर्च एवढ्या वर्गणीतून निघणे अवघड होते. त्यातच २००६ नंतर सांगली-कोल्हापूरसारख्या शहरांत खाजगी एफएम केंद्रे आली, मोबाईल फोनमध्ये एफएम आले, आणि फुकट ऐकण्याची सवय सर्वदूर झाली. ऑक्टोबर २००८मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. संभाव्य खरेदीदाराने भारतातील वर्गणीदारांचा व्यवसाय घेण्यास नकार दिला. डिसेंबर २००९च्या अखेरच्या आठवड्यात भारतीय वर्गणीदारांना सेवा बंद होत असल्याचे कळवण्यात आले, आणि वर्ष संपताना वाहिन्या थांबल्या. पुढच्या महिन्यांची वर्गणी ज्यांनी आधीच भरली होती ते एका परदेशी न्यायालयातील दिवाळखोरीचे धनको ठरले.

यातली विसंगती पुन्हा पाहण्यासारखी आहे. उपग्रह त्यानंतरही आकाशात होता. संच घरात होता, सुस्थितीत होता. अँटेना आग्नेयेकडे रोखलेली होती. मध्ये अडथळा म्हणावा असा डोंगर नव्हता की झाड नव्हते. तरी आवाज नव्हता. १९९५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात ध्वनिलहरींच्या वहनाचे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निवाडा दिला होता. खाजगी रेडिओला त्यातूनच वाट मिळाली. पण ती वाट प्रक्षेपण करणाऱ्याला मिळाली. ऐकणाऱ्याच्या हाती काय राहावे, त्याने विकत घेतलेल्या संचाचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, आणि त्या संचांच्या खोक्यांवरही तो कोठे छापलेला नव्हता.

माझ्या विद्यार्थ्याला मी पुढच्या तासाला हेच सांगितले. परवाना म्हणजे राज्याने नागरिकावर बसवलेला कर होता. त्याचा राग येणे रास्त होते, म्हणूनच तो एक दिवस गेला. रिचार्ज हा करार आहे, आणि करारातील दुसरा पक्ष नाहीसा झाला की आपल्या हातात उरते ते खोके. त्याला हे कितपत पटले कोण जाणे. तो म्हणाला, "पण सर, आता संच घ्यायचा झाला तर कोणता घ्यायचा?"

प्रश्न व्यावहारिक होता आणि त्याला व्यावहारिक उत्तर देणे भाग होते. अमेरिकेत ते दोन प्रतिस्पर्धी २००८ साली एक झाले आणि गाडीत आजही बोलतात; ते येथे चालत नाहीत. आकाशवाणीने देशात ३५ ठिकाणी 'डीआरएम' पद्धतीचे डिजिटल मध्यमलहरी प्रक्षेपक बसवले. ते झेलणारे यंत्र अलीकडच्या अनेक मोटारींत कारखान्यातूनच येते, पण घरी ठेवायचे संच बाजारात फारच थोडे आले. गाडी घेणाऱ्याला रेडिओ मिळावा आणि रेडिओ घेणाऱ्याला मिळू नये, असा हा प्रकार. मोबाईलवर आकाशवाणीची केंद्रे लागतात, तिथे फक्त इंटरनेटची रेघ टिकली पाहिजे. आणि उपग्रहावरूनच ऐकायचे असेल तर दूरदर्शनची डिसेंबर २००४मध्ये सुरू झालेली, वर्गणी नसलेली तबकडी आहे. तिच्यावर दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांबरोबर आकाशवाणीच्याही वाहिन्या आहेत, त्यात मराठीही आहे. ती कुलूपबंद नाही. एकदा यंत्र आणि तबकडी घेतली की पुन्हा कोणाला पैसे द्यायचे नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी गच्चीवर गेलो. आमच्या गल्लीत एकही घर तबकडीवाचून नाही. त्या सगळ्या आग्नेयेकडे तोंड करून उभ्या आहेत, एशियास्टार होता त्या बाजूलाच, त्याच्यापेक्षा थोड्या दक्षिणेला. खाली येऊन आईला विचारले, यावर रेडिओ लागतो हे तुला ठाऊक आहे का? तिला ठाऊक नव्हते. बरीच बटणे दाबून, सगळ्या वाहिन्या ओलांडून अखेर मराठी लागली. पडद्यावर चित्र नव्हते, नुसते वाहिनीचे नाव होते, आणि कोणीतरी डाळिंबावरील रोगाविषयी माहिती सांगत होते. आई थोडा वेळ ऐकत बसली आणि मग म्हणाली, "अरे, पण यासाठी टीव्ही चालूच ठेवायचा का?"